डायलिसिस बंद करू नका ताई, आणि देवावर रागावायला भिऊ नका

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, थोडं कमी करून देते.

"आमचे हे उद्यमबागला फाउंड्रीत कामाला होते. शुगर, बीपी दोन्ही होतं, लक्ष दिलं नाही. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले दोन्ही किडन्या गेल्या. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार बेळगावात डायलिसिस. म्हैस विकली. मुलगी पीयूसीला म्हणजे ज्युनियर कॉलेजात, मुलगा नववीत. गल्लीतल्या बायका म्हणतात यल्लम्माचं काहीतरी राहिलं असणार, यांच्या आज्जीच्या काळात घरात देवीची मूर्ती ठेवलेला जग होता म्हणे, तो सोडून तुम्ही चर्चला जाऊलालाय. आणि आम्ही एका हॉलमध्ये प्रार्थनेला जाऊलालोय तिथले भाऊ म्हणतात विश्वास पुरा असता तर एव्हाना बरे झाले असते, मशीनवर भरोसा ठेवणं म्हणजे देवावर नसणं, चाळीस दिवस उपवास करा आणि डायलिसिस सोडा. आमचे पाळकसाहेब चांगले आहेत खरं तेपण म्हणतात यात देवाचा काहीतरी हेतू आहे. कसला हेतू? मला देवाचा राग येतो, आणि राग आला की भीती वाटते की हा राग ह्यांच्या अंगावर निघेल. प्रार्थनेला बसले तर शब्दच येत नाहीत. परवा वॉर्डात एका म्हाताऱ्या मामांचा कानडी फॉर्म भरून दिला (माझं माहेर बैलहोंगलकडचं, कानडी येतं) तेवढा वेळ जरा बरं वाटलं, बाकी काही नाही. हे तर काही बोलतच नाहीत. यात माझ्यासाठी देवाचा काय हेतू आहे तेवढं सांगा."

ताई, हेतूचं नंतर बोलू. आधी डायलिसिस. ते बंद करायचं नाही, एकदासुद्धा चुकवायचं नाही, कोण कितीही मोठा प्रार्थना करणारा येऊन सांगू दे. किडनी रोज जी घाण आणि जास्तीचं पाणी लघवीवाटे बाहेर टाकते ते काम आता ते मशीन चार-चार तास करतंय. ते थांबलं की रक्तात पोटॅशियम चढतं आणि त्यानं हृदयाचे ठोके बिघडतात, कधी थांबतातसुद्धा, आणि पाणी छातीत साचून माणसाला आडवं झोपता येत नाही, दम लागतो. याला चाळीस दिवस लागत नाहीत, फार थोड्या दिवसांत होतं. आणि उपवास सोडायला म्हणून किंवा बघायला येणारे पाहुणे आणतात म्हणून शहाळं, केळी, खजूर त्यांना देऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, चांगल्या माणसाला ते औषध आणि तुमच्या मालकांना धोका. किती पाणी प्यायचं, काय खायचं हे डायलिसिसच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच धरा.

आता तुम्ही म्हणाल की मग बायबलचं काय. बायबलचंच सांगते, कारण तुम्हाला भीती त्याच बाजूनं घातलीय. लूक हा वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो आणि अखेरच्या तुरुंगवासातसुद्धा तो पौलाजवळ आहे. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं तर पौलानं त्याला विश्वास वाढव म्हणून लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घेत जा म्हणून लिहिलं, तेव्हा ते औषधच होतं. त्रफिम नावाचा सोबती आजारी पडला तर पौलानं त्याला मिलेतात तसाच ठेवला आणि पुढं गेला, आणि हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. ज्या पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा निघाला नाही, तीनदा मागितलं तरी नाही. यांच्यातल्या कुणाचा विश्वास कमी होता ते त्या भाऊंनी सांगावं. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं आहे, ते जरूर करा, पण औषध टाका असं तिथं कुठंच नाही. आणि सैतानानं येशूला मंदिराच्या शेंड्यावर उभं करून मार उडी, देवदूत झेलतील म्हटलं तेव्हा येशूनं उडी मारली नाही, देवाची परीक्षा बघू नकोस म्हणाला. डायलिसिस सोडून बघू देव काय करतो, ही ती उडीच आहे. त्या हॉलला जाणं मी तरी आजपासून थांबवलं असतं.

राहिलं यल्लम्माचं. गल्लीतल्या बायकांचा राग धरू नका, त्यांच्या मनात वाईट नसतं, सौंदत्तीच्या डोंगराला त्या ज्या भावनेनं जातात त्याची मला कदर आहे. पण बघा की, गल्लीतल्या बायका आणि हॉलमधले भाऊ दोघं एकच गोष्ट विचारतात, कुणाचं चुकलं? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यसुद्धा तेच विचारतात. जन्मापासून आंधळा माणूस बसलाय आणि हे त्याच्यासमोरच चर्चा करतात की पाप ह्याचं का ह्याच्या आईबापाचं. येशू म्हणतो ह्याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूकच्या तेराव्यात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याची गोष्ट आहे, तिथंही तो तेच म्हणतो, ती माणसं बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, तर नाही. तुमच्या मालकांच्या किडन्या शुगर आणि बीपीनं गेल्या, वर्षानुवर्षं काही दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि आतल्या आत किडनी झिजत जाते, हे आपल्याकडं घरटी होतंय. लक्ष दिलं नाही हे तुम्ही लिहिलंय ते खरं असेल, त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण ती शिक्षा नाही. जाता जाता, मुलांचं आणि तुमचं स्वतःचं शुगर-बीपी तपासून घ्या.

त्या आंधळ्या माणसाच्या गोष्टीत पुढचं वाक्य आहे की देवाची कार्यं त्याच्यात दिसावीत म्हणून, आणि तेच वाक्य घेऊन लोक म्हणतात बघा, देवानं हेतूनंच दुःख दिलं. मला हे कधी पटलं नाही. लहान बाळाला आंधळं जन्माला घालून वर्षानुवर्षं भीक मागायला लावायचं आणि मग एक दिवस चमत्कार दाखवायचा असा बाप मला त्या पुस्तकात इतर कुठं दिसत नाही. मी ते असं वाचते की येशू तिथं मागचा हिशोबच बंद करतो, कारण लगेच पुढं तो म्हणतो दिवस आहे तोवर आपल्याला काम केलं पाहिजे, आणि वाकून थुंकीनं माती कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि जा, शिलोहाच्या तळ्यावर धू म्हणतो. विद्वान लोक याचा वेगळा अर्थ लावतात, लावू देत. तुमच्या घरी आत्ता जे चाललंय त्यात मला हाच अर्थ धरून उभं राहता येतं.

म्हणून ताई, देवानं हा आजार कशासाठी दिला याचं उत्तर मी देणार नाही. पाळकसाहेबही देऊ शकत नाहीत, आणि ते चांगले आहेत असं तुम्ही म्हणता तर त्यांना हे ऐकून वाईट वाटणार नाही. निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक तुम्ही वाचलं असेल, नसेल तर पहिले दोन अध्याय आणि शेवटचा तरी वाचा. स्वर्गात काय बोलणं झालं ते पहिल्या अध्यायात आपल्याला कळतं, पण ईयोबाला ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही, देव स्वतः वादळातून बोलतो तेव्हासुद्धा नाही. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री गप्प जमिनीवर बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथं बिघडलं. आणि शेवटी देव कुणावर चिडतो? त्या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन बोलत होते. ईयोब, ज्यानं जन्मलेल्या दिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचण्याची भाषा केली, त्याच्याबद्दल देव म्हणतो हा माझ्याविषयी बरोबर बोलला.

तेव्हा राग येऊ द्या. तुमचा राग मालकांच्या अंगावर निघणार नाही, देव असा खुनशी नाही. स्तोत्रसंहितेत तेरावं स्तोत्र आहे, सहाच ओव्या, सुरुवातच किती वेळ, परमेश्वरा, कायमचा विसरलास का मला अशी आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठं आशेचा शब्द नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडात आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, माझ्या देवा, माझा त्याग का केलास. मेलेल्या लाजराला आता उठवणार हे माहीत असून तो कबरेकडं जाताना रडला. चर्चमध्ये आपण नेहमी साक्षी ऐकतो त्या बऱ्या झालेल्यांच्या, प्रमोशन मिळालेल्यांच्या, परीक्षा पास झालेल्यांच्या, आणि अजून बरं न झालेला माणूस मागच्या बाकावर गप्प बसतो, उपासना संपली की सगळ्यांच्या आधी निघून जातो. हे बदलायला पाहिजे असं मला फार वाटतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाचणारी एक तरी बाई प्रत्येक मंडळीत असावी.

शब्द येत नाहीत म्हणता ना, तर रोमकरांच्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट आहे की आपल्याला कसं मागायचं ते कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा आपल्यासाठी कण्हतो, शब्दांशिवाय. तुमचं ते गप्प बसणंही प्रार्थनेतच धरलं जातंय. त्यातूनही काही म्हणावंसं वाटलं तर खानापूर-बेळगाव बसमध्ये ते तेरावं स्तोत्र वाचा, एवढंच पुरे. रात्री तासभर गुडघ्यावर बसलंच पाहिजे असं नाही, दिवसभर त्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून आलेल्या बाईला तर नाहीच.

आता हेतूकडं येते, कारण तो शब्द तुम्ही चारदा लिहिलाय, नुसतं नाही सांगता येत म्हणून मी सुटू शकत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण देते. आपल्याच कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या जंगलात 1858 साली जन्म. 1870 च्या दशकातल्या दुष्काळी दिवसांत आईवडील गेले, बहीण गेली, मग 1880 मध्ये भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोवर 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला, पदरात लहानगी मनोरमा. पुढं 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. आणि 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ही बाई तिकडं जाऊन उपाशी मुली आणि विधवा शेकड्यांनी घेऊन आली, केडगावचं मुक्ती सदन त्यातनंच उभं राहिलं. उपासमार म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. पण म्हणून आईवडील भुकेनं मेले ते चांगलं झालं असं कुणी म्हणू शकेल का? मी नाही म्हणणार. तो दुष्काळ वाईटच होता. आणि एवढं सगळं करूनही शेवटी 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली, रमाबाई पुढच्या वर्षी गेल्या. त्या मनोरमेच्या मरणाला मी कसलाही हेतू चिकटवणार नाही. पण जो मार तिनं खाल्ला होता त्यामुळं दुसऱ्याचा मार तिला लांबून ओळखता यायचा, आणि ती घरी बसली नाही. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच हे लिहितो, की आपल्याला संकटात जे सांत्वन मिळतं त्यानंच आपण दुसऱ्या संकटातल्या माणसाचं सांत्वन करू शकतो.

आता तुमच्या पत्रातलं ते कंसातलं वाक्य, कानडी येतं. तुम्ही ते असंच लिहून गेलात. त्या वॉर्डाबाहेर कोण-कोण असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. चंदगडकडून आलेले लोक असतात, रेशनकार्ड महाराष्ट्राचं, समोरचा बोर्ड कानडी, खिडकीतला माणूस कानडी बोलतो आणि हे हातात कागद धरून कुणाच्या तोंडाकडं बघायचं ते बघत उभे राहतात. आपल्या खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्यांचंही तेच. कुठल्या रकान्यात काय लिहायचं, अंगठा कुठं, झेरॉक्स किती, कोणत्या खिडकीला कधी गेलं की काम होतं, हे तुम्हाला या वर्षभरात पाठ झालंय, त्यात तुम्हाला कानडी येतं, मराठी येतं आणि डायलिसिसवाल्याच्या घरी काय चालतं तेही कळतं. त्या मामांना तुम्ही फॉर्म भरून दिलात तेव्हा तुम्हाला बरं वाटलं, ते वाटणं मी हलकं धरणार नाही. माझ्या मते देव तिथं तुमच्याशी बोलला. मालकांच्या किडन्या याच्यासाठी गेल्या असं मात्र मी मेले तरी म्हणणार नाही, एका फॉर्मसाठी देव कुणाची किडनी घेत नाही. पण तुम्हाला आठवड्यातून तीन दिवस तिथं बसायचंच आहे, तर पिशवीत एक पेन जास्तीचा ठेवा. जमेल तेव्हा करा, ज्या दिवशी जीव नसेल त्या दिवशी करू नका, ती नोकरी नाही.

कारण दुसरं एक मला दिसतंय, तुम्ही थकलाय. चार पानांत तुमच्या जेवणाचा उल्लेख नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मला मरण दे म्हणाला तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही, दूत पाठवून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग परत उठवून परत खायला दिलं. काम नंतर सांगितलं. तुम्हाला ती भाकर मंडळीनं द्यायला पाहिजे आणि मंडळीला ते सुचत नसेल तर तुम्ही सांगा, आम्हाला प्रार्थनेत ठेवा एवढ्यावर थांबू नका. पाळकसाहेबांना नीट सांगा की गुरुवारी मुलांचं रात्रीचं जेवण कुणाच्या तरी घरून यावं, आणि शनिवारी एखाद्या भावानं ह्यांच्याबरोबर जावं म्हणजे मला एक दिवस घरी राहता येईल. सांगायला लाज वाटते हे मला माहीत आहे. माझ्या आईच्या आजारपणात मंडळीतली एक बाई यायची, ती एकदाही मला वचन सांगायला बसली नाही, आली की मोरीत जाऊन भिजवलेले कपडे धुवायची, वाळत घालायची, आमटीचा डबा ठेवायची आणि जायची. त्या दिवसांत मला मिळालेला देव तोच, दुसरा काही आठवत नाही.

पैशाचं पटकन सांगते. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, आणि जिल्हा पातळीच्या सरकारी हॉस्पिटलात बीपीएलवाल्यांना मोफत डायलिसिसची केंद्राची योजना 2016 पासून आहे, तुम्ही खासगीत पैसे भरत असाल तर तिथं नंबर लावा, पण नवी जागा मिळेपर्यंत जुनी सोडू नका. फाउंड्रीत ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत होते का ते बघा, कापत असतील तर लांबलेल्या आजारासाठी वाढीव भत्ता मिळतो का हे ईएसआयच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा, काम सोडून किती दिवस झाले यावर ते ठरतं म्हणून उशीर करू नका. बसचं तुमचं तिकीट कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत फुकट आहेच.

शेवटचं, मालक. तुमच्या चार पानांत ते सगळीकडं आहेत आणि त्यांचं एकही वाक्य नाही. हे काही बोलत नाहीत, एवढंच. गल्लीतले बोलतात, हॉलमधले बोलतात, पाळकसाहेब बोलतात, मी बोलतेय, आणि ज्यांच्या हाताला आठवड्यातून तीनदा सुया लागतात त्यांना कुणी विचारलंच नाही की तुम्हाला काय वाटतंय. भट्टीजवळ काम करणारा, घर चालवणारा माणूस एकदम बायकोच्या पर्समधल्या पैशानं बसचं तिकीट काढायला लागला की आत काय होतं, ते तो बोलून दाखवत नाही. कदाचित त्यांनाही देवाचा राग येत असेल आणि तुम्ही घाबराल म्हणून ते गप्प असतील, दोघं एकाच खोलीत एकच गोष्ट लपवून. डायलिसिसच्या दिवशी विचारू नका, त्या दिवशी अंगात त्राण नसतं. रविवारी दुपारी मुलं बाहेर गेली की विचारा, आणि तुमचा राग आधी सांगा, म्हणजे त्यांना बोलता येईल. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडलेल्या, हातानं जड उचलायचं नाही, त्या हाताला बीपी बघू द्यायचं नाही, पण बाकी माणूस अजून शाबूत आहे. मुलाचा अभ्यास घेऊ दे, घरातली प्रार्थना त्यांना चालवू दे, मोडकी-तोडकी का असेना. त्यांच्यासाठी प्रार्थना खूप झाल्या असतील, एकदा त्यांना सांगा की माझ्यासाठी करा.

ते काय म्हणाले ते मला लिहिलंत तर बरं वाटेल, नाही लिहिलंत तरी चालेल. आणि हे उत्तर पाळकसाहेबांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.